नव्या इंजिनाचे पहिले दोन हजार किलोमीटर

नवे वाहन घेतले की ते आधी चर्चच्या अंगणात आणून त्यावर आशीर्वाद मागण्याची रीत आपल्या बहुतेक कुटुंबांत आहे. बुऱ्हाणपूरच्या आसपास ही वाहने बहुधा ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा केळीची ने-आण करणारा टेम्पो अशी असतात. मध्यंतरी मात्र एक शेतकरी आपल्या मुलासह आला तो अतिवेगवान मोटार घेऊन. टर्बोचार्जर बसविलेले पेट्रोल इंजिन, रुंद टायर, सायलेन्सरची दोन तोंडे. केळीच्या काही चांगल्या हंगामांची शिल्लक आणि बँकेचे पाच वर्षांचे हप्ते त्या मोटारीत गुंतले होते.

“फादर, आज रात्रीच इंदूरपर्यंत नेतो. किती पळते ते एकदा पाहायचेच आहे,” मुलगा म्हणाला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी कंपनीकडून मिळालेले जाड इंग्रजी पुस्तक माझ्या हाती ठेवले आणि म्हणाले, “यात काय लिहिलंय ते तुम्हीच त्याला वाचून दाखवा.”

आशीर्वादाचा विधी आटोपल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो व ते पुस्तक उघडले. नव्या इंजिनासंबंधीचे प्रकरण जेमतेम दोन पानांचे होते. परंतु त्या मोटारीचे पुढील आयुष्य त्या दोन पानांवर अवलंबून होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली नवी फियाट घेणाराही पहिले काही आठवडे गाडी जपून हाकीत असे. आता यंत्रे कितीतरी अधिक अचूक घडविली जातात, तेलेही सुधारली आहेत. मग हे पथ्य आता कशाला, असे मुलाने विचारले. प्रश्न योग्यच होता. तरीही जर्मनीची बी.एम.डब्ल्यू. कंपनी आपल्या ‘एम’ वर्गातील वेगवान मोटारींना पहिल्या दोन हजार किलोमीटरनंतर खास तपासणीस बोलावते आणि त्या वेळी इंजिनाचे तेल बदलते. ज्यांनी यंत्र घडविले तेच हे सांगतात, तेव्हा त्यामागे काही कारण असलेच पाहिजे.

ते कारण इंजिनाच्या पोटात आहे. पिस्टन ज्या सिलिंडरमध्ये वरखाली होतो, त्याची आतील भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. कारखान्यात तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक रेघा मुद्दाम ओढलेल्या असतात. या रेघांत तेल टिकून राहते. पिस्टनभोवतीच्या रिंगा प्रथम या रेघांच्या उंचवट्यांवर घासतात. उंचवटे किंचित झिजतात, रिंगांची कडही झिजते आणि दोघांचा मेळ बसतो. यालाच आपले मिस्त्री “इंजिन बसले” असे म्हणतात. मेळ नीट बसला की जळलेला वायू खाली निसटत नाही, तेल वर चढत नाही व इंजिनाची पुरी शक्ती चाकांना मिळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रिंगेला भिंतीशी दाबून धरण्यास तिची स्वतःची स्प्रिंगसारखी ताकद पुरेशी नसते. पेट्रोल जळून जो वायू प्रसरण पावतो तो रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर दाबतो. म्हणून इंजिनावर थोडाफार भार पडल्याशिवाय रिंगा बसत नाहीत. मोटार उभी ठेवून तासन् तास इंजिन चालू ठेवणे किंवा महिनाभर बैलगाडीच्या वेगाने ती हाकणे, हे जपणे नव्हे. अशाने रेघांमध्ये तेलाचा चिकट थर जळून बसतो, भिंत काचेसारखी होते आणि इंजिन पुढे कायमचे तेल खाऊ लागते. उलटपक्षी, थंड इंजिनाला पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत ताणले, तर रिंगा व भिंत यांच्यातील तेलाचा पडदा फाटून दोन्हींवर ओरखडे पडतात. ते मग पुसता येत नाहीत.

हे ऐकून वडील प्रथमच हसले. “म्हणजे गोऱ्ह्यासारखंच की!” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपला तर खांदा सुजतो, आणि वर्षभर दावणीलाच बांधून ठेवला तर तो कामाचा राहत नाही.” दोन पानांचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

त्यानंतर आम्ही नियम लिहून काढले. ते आपल्या रस्त्याला धरूनच होते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर ते उगाच गुरगुरवीत बसू नये. अर्ध्या-एक मिनिटात निघावे, परंतु पहिले काही किलोमीटर, तेल तापेपर्यंत, सावकाश जावे. फेऱ्यांचा काटा कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशापुढे नेऊ नये. मर्यादा ६,६०० फेऱ्यांची असेल तर ४,४०० पर्यंत. एकाच वेगाने लांबचा पल्ला मारू नये. वेग कमी-अधिक करीत राहावे. चढावर वरच्या गियरमध्ये इंजिनाला धापा टाकायला लावू नये. वेळीच खालचा गियर घालावा.

या दृष्टीने बुऱ्हाणपुराहून असीरगडाकडे जाणारा रस्ता फार सोयीचा आहे. आधी सपाटी, मग सातपुड्याचा चढ. चढावर इंजिनाला भार मिळतो, उतारावर गियरमध्येच ठेवून पाय उचलला की त्याला विसावा मिळतो. गडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे ४० किलोमीटर होतात. “म्हणजे पन्नास खेपा,” वडिलांनी हिशेब केला. मुलाचा चेहरा उतरला.

इंजिनाप्रमाणेच इतर भागांनाही सवय लागावी लागते. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीस निसरडा असतो. त्याला चांगली पकड येण्यास सुमारे ३०० किलोमीटर लागतात. ब्रेकचे पॅड व चकत्या यांचा मेळ बसण्यास ५०० किलोमीटरपर्यंत धरावे. म्हणजे मोटार जेव्हा सर्वांत नवी, सर्वांत चकचकीत असते, नेमकी तेव्हाच ती थांबण्यास सर्वांत कच्ची असते. टर्बोचार्जरचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो व तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगतो. म्हणून जोराच्या प्रवासानंतर इंजिन एकदम बंद न करता मिनिटभर शांतपणे चालू ठेवावे. तेलाची पातळी वरचेवर पाहावी, कारण बसण्याच्या काळात इंजिन थोडे अधिक तेल घेते. पहिली तपासणी टाळू नये. झिजलेल्या धातूचे बारीक कण जुन्या तेलाबरोबरच बाहेर जातात.

“आणि दोन हजारांनंतर?” मुलाने विचारले. त्यालाही उत्तर द्यावे लागले. केंद्र सरकारने २०१८ साली मोटारींसाठी ठरविलेली कमाल मर्यादा द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी मार्गावर १०० व इतर रस्त्यांवर ७० अशी आहे. राज्ये ती आणखी कमी करू शकतात. वेगाची परीक्षा घेण्याची जागा निराळी असते. आपल्याच राज्यात, इंदूरजवळ पीथमपूर येथे, ‘नॅट्रॅक्स’ या संस्थेचा ११.३ किलोमीटर लांबीचा लंबगोल चाचणीमार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. मोटार कंपन्या तेथे आपली वाहने पळवून पाहतात. तेथे समोरून केळीचा ट्रक येत नाही, रस्त्यात म्हैस बसलेली नसते आणि शाळा सुटलेली नसते.

त्या रात्री मोटार इंदूरला गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती असीरगडाच्या रस्त्याला लागली, तेव्हा मुलाच्या शेजारी त्याचे वडील बसले होते. मांडीवर वही, वहीत किलोमीटरचा आकडा आणि तेलाची पातळी. अशा खेपा दोन महिने चालल्या. मधूनमधून आईही मागे बसू लागली.

तपासणी होऊन आल्यावर मुलगा मला भेटला. इंजिन आता मोकळे झाले आहे, तेल खात नाही, असे त्याने समाधानाने सांगितले. घाटातील कोणत्या वळणावर सकाळी गुरे उतरतात, कोणत्या मोरीपाशी रस्ता खचला आहे, ओल्या रस्त्यावर ब्रेक किती आधी दाबावा लागतो, हेही तो सांगत होता. पन्नास खेपांत ही माहिती त्याच्या अंगवळणी पडली होती. “इंदूरला जाऊन आलास का?” मी विचारले.

“परवा जाणार आहे, फादर,” तो म्हणाला, “पण दिवसा. बाबांनाही यायचंय.”