एका गोळीत तीनशे मीटर

जपानच्या क्यूशू बेटावर चिकुगो नदी आरियाके समुद्राला मिळते. १९१९ साली तिच्या काठावर कोळी मोठाल्या कढयांत कालवं उकडत होते. कालवं निघाली की उरलेलं पाणी ओतून द्यायचं, ही रोजचीच रीत. औषधांचा व्यापार करणारे रीइची एझाकी ते पाणी पाहून थबकले. कालवांत ग्लायकोजेन असतं, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखर साठवतं ती याच रूपात, आणि जोरात धावताना स्नायू याच साठ्यात हात घालतात. एझाकींनी ते पाणी तपासून घेतलं. त्यात ग्लायकोजेन होतंच! ओतून दिलं जात होतं ते धावण्याचं बळ होतं.

त्याचं औषध करावं, असं कुणालाही वाटलं असतं. पण आजार बरा करण्यापेक्षा तो होऊच न देणं मोलाचं, हा डॉक्टरी सल्ला एझाकींना पटला. म्हणजे ते वाढत्या मुलांच्या पोटात जायला हवं, तेही हट्टानं मागून. त्यांनी कॅरॅमल निवडलं. साखर, दूध आणि पाक एकत्र आटवत १२० अंश सेल्सिअसच्या आसपास नेले की दुधातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात रासायनिक क्रिया होऊन नवेच रंग-वास तयार होतात. पेढ्यासाठी खवा भाजताना घरभर जो खमंग वास सुटतो, त्यामागेही हीच किमया असते. त्या आटीव गोडव्यात कालवांचा अर्क गेला आणि ग्लायकोजेनवरून गोळीचं नाव पडलं, ग्लिको.

बाजारात तेव्हा मोरिनागाच्या पिवळ्या डबीतल्या कॅरॅमलचा दबदबा होता. एझाकींनी डबी लाल केली, गोळीला हृदयाचा आकार दिला आणि डबीवर दोन्ही हात उंचावून शर्यत जिंकणारा धावपटू काढला. ओसाकाच्या मित्सुकोशी या नामांकित दुकानात ती ठेवावी म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा खेटे घातले. अखेर ११ फेब्रुवारी १९२२ ला ती तिथं मांडली गेली.

‘एक गोळी, तीनशे मीटर’ हे ग्लिकोचं घोषवाक्य ऐकायला फुशारकी वाटतं, पण हिशोब करून पाहा. एका गोळीत साधारण १६ किलोकॅलरी असतात. ५५ किलो वजनाचा माणूस मिनिटाला १६० मीटर वेगानं धावला, तर मिनिटाला आठेक किलोकॅलरी खर्चतो. दोन मिनिटांत गोळी संपते आणि तीनशे मीटर पार झालेले असतात! यातली बहुतेक ऊर्जा साखर-दुधाची, हे खरंच. पण ‘शक्तिवर्धक’ हा मोघम शब्द टाकून मुलाला पायांनी मोजता येईल असं अंतर देणं, ही कल्पना विलक्षण आहे.

खाणं आणि खेळणं ही मुलांची दोन जन्मजात कामं, असं एझाकी मानत. म्हणून गोळ्यांसोबत चिमुकली खेळणी आली. आजवर त्यांचे सुमारे ३०,००० प्रकार झाले. १९३१ मध्ये टोकियोत त्यांनी एक यंत्र बसवलं. दहा सेनचं नाणं टाकलं की वीसेक सेकंद हलती चित्रं दिसायची, सूर वाजायचे आणि ग्लिकोची डबी बाहेर यायची, वर दोन सेन परत! १९३५ मध्ये ओसाकाच्या दोतोनबोरी भागात धावपटूचा ३३ मीटर उंच निऑन फलक झळकला. युद्धात लोखंडासाठी तो १९४३ ला उतरवला, १९५५ ला पुन्हा उभारला. आज तिथं २०१४ पासूनचा एलईडी धावपटू आहे.

सगळ्यांत नवल मात्र जिन्यावरच्या खेळाचं. जपानी मुलं ‘दगड-कागद-कात्री’ खेळत पायऱ्या चढतात. दगडाला तिथं ‘गू’ म्हणतात. दगडानं जिंकणारा ‘गु-रि-को’, म्हणजे ग्लिको, म्हणत तीन पायऱ्या चढतो. कागद म्हणजे ‘पा’, तो जिंकला की ‘पा-इ-ना-त्सु-पु-रु’, म्हणजे अननस, सहा पायऱ्या. कात्रीला चॉकलेटच्या सहा. गोळी खाऊन मुलं धावतील, असं एझाकी सांगत होते. मुलं नुसत्या तिच्या नावावर जिने चढू लागली.