रेखाटनाचे साहित्य

रेखाटनासाठी पेन्सिल, शाई आणि कागद निवडताना रेषेचा गडदपणा, कागदाचा पोत व चित्राचा टिकाऊपणा यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

शिसपेन्सिल या नावात शिसे असले, तरी तिच्या कांडीत ते नसते. कांडी ग्राफाइट व चिकणमाती यांच्या मिश्रणाची असते. हे मिश्रण भट्टीत भाजण्याची पद्धत निकोला-जाक कोंते या फ्रेंच संशोधकाने १७९५ मध्ये शोधून काढली. मातीचे प्रमाण वाढले की कांडी कठीण व रेषा फिकट होते. कठीण पेन्सिली 'एच' व मऊ पेन्सिली 'बी' या अक्षराने ओळखल्या जातात. छायांकनास २बी ते ६बी सोयीच्या. मात्र त्यांची छटा हाताच्या घर्षणाने फिसकटते. उलट कठीण पेन्सिल दाबून वापरल्यास कागदावर चर पडतो आणि तो खोडरबराने जात नाही.

काजळीपासून बनवलेली काळी शाई उजेडात फिकी पडत नाही. तिच्यात लाखेचे बंधक असल्यास वाळलेल्या रेषेवर जलरंगही देता येतो, पण अशी शाई फाउंटन पेनमध्ये भरल्यास पेन तुंबते. तिच्यासाठी बोरूच बरा. युरोपात अनेक शतके वापरात असलेली माजूफळ व लोहक्षार यांची शाई आम्लधर्मी असल्याने कित्येक जुन्या रेखाटनांचा कागद नेमका रेषेवरच कुरतडला गेला आहे.

कागदाची जाडी त्याच्या दर चौरस मीटर वजनावरून ठरवली जाते. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद सरावापुरता ठीक. त्यातील लिग्निनमुळे तो लवकरच पिवळा व ठिसूळ होतो. जपून ठेवायच्या चित्रासाठी आम्लरहित, शक्यतो कापसाच्या तंतूंचा कागद घेतात.