दुसऱ्या मालकाची काटकसर

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी आणि व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एका सौद्यात घेतल्या. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. सौदा साधारण ६५ कोटींचा होता, कर्ज स्टेट बँकेनं दिलं आणि मराठवाडा म्हटलं की दुष्काळच आठवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींना ही बातमी पचायला चार दिवस लागले. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे त्या दीडशेंपैकी ज्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांच्या आरसीची पहिली मुदत २०२५ मध्येच संपली. त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी लहान अशा मोठ्या गाड्या आज राज्यभर विकायला उभ्या आहेत. जाहिरातींची भाषाही ठरलेली: ‘ई-क्लास, २०१२, डॉक्टरची गाडी, शोरूम कंडिशन, अर्जंट सेल.’ भाव नव्या हॅचबॅकचा.

मोह होतो, आणि त्यात गैर काही नाही. या लेखात मी मुख्यतः २००९ ते २०१६ या काळातल्या ई-क्लासबद्दल लिहितो आहे. कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू-२१२. ही गाडी चाकणला जोडली जात असे, आपल्या रस्त्यांवर भरपूर आहे आणि तिची दुखणी आता जगजाहीर आहेत. पण मुद्दा कुठल्याही जुन्या आलिशान गाडीला लागू आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी नऊ लाखांवर आली म्हणून तिचा गिअरबॉक्स नऊ लाखांच्या गाडीचा होत नाही, तो चाळीस लाखांच्याच गाडीचा राहतो.

पहिल्या मालकाला याची झळ बसत नाही. गाडी बहुतेक वेळा कंपनीच्या नावावर असते, वॉरंटी असते, वर्षाला एक सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये होते आणि बिलाचा चेक अकाउंट्स विभाग फाडतो. पाच-सहा वर्षांनी गाडी विकली जाते. घोळ होतो तो पुढे. दुसरा मालक गाडी घेतो तो तिच्या तोंडावरच्या ताऱ्यासाठी. पहिलं सत्तर हजारांचं बिल हातात पडलं की त्याचे डोळे उघडतात, आणि मग तो काटकसर सुरू करतो. गिअरबॉक्सचं ऑइल ‘पुढच्या वेळी’, इंजिनाचे माउंट ‘अजून चालतात’, कुलंटऐवजी नळाचं पाणी. अशी तीन-चार वर्षं गाडी चालतेही, कारण ती मुळात चांगली बनवलेली असते. थकबाकी साठत जाते आणि ती वसूल होते तिसऱ्या मालकाकडून. जुनी मोठी गाडी बघायला जाताना खरं तपासायचं असतं ते हे, की दुसऱ्या मालकानं काय काय वाचवलं.

म्हणून सर्वांत आधी फाइल मागावी. गाडी नंतर. सर्व्हिसच्या नोंदी कुठल्या वर्षापर्यंत नियमित आहेत आणि कुठे तुटतात ते बघावं. ते वर्ष आरसीवरच्या मालकबदलाशी बहुधा जुळतं. नंतरची कामं बाहेरच्या गॅरेजात झाली असली तर त्यात वाईट काहीच नाही. मुंबई-पुण्यात जर्मन गाड्यांचेच काम करणारे उत्तम मेकॅनिक आहेत, आणि बॉश, झेडएफ किंवा लेमफॉर्डर यांच्या खोक्यातला भाग अनेकदा ताऱ्याच्या खोक्यातल्या भागाचा सख्खा भाऊ असतो. पण बिलं हवीत. ‘सगळं केलंय, बिलं ठेवली नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘केलं नाही’ असा घ्यावा.

मग इंजिन. विक्रेत्याला आदल्या रात्रीच सांगावं की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट असेल तर गाडी आधीच गरम करून ठेवली आहे, आणि ती कशासाठी हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण या गाड्यांचे बरेच रोग फक्त थंड इंजिनातच बोलतात. सुरुवातीच्या पेट्रोल ई-क्लासमधल्या १.८ लिटरच्या एम-२७१ इंजिनाची टायमिंग चेन ताणली जाते, कॅमशाफ्टचे अ‍ॅडजस्टर झिजतात, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद साखळी हलवल्यासारखा खडखडाट येतो. गरम इंजिनात तो ऐकू येत नाही. चेनचं काम वेळेवर झालं तर खर्च सोसण्यासारखा असतो. चेन दात सोडून घसरली तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग हेडचं काम.

ई-२५० सीडीआयमधलं ओएम-६५१ हे चार सिलिंडरचं डिझेल आपल्याकडे सर्वाधिक दिसतं. ताकदवान, कमी खाणारं, लांबच्या प्रवासाला झकास. पहिल्या काही वर्षांच्या इंजिनांत पिएझो पद्धतीचे इंजेक्टर होते, ते जगभर इतके बिघडले की कंपनीनं नंतर वेगळ्या, सोलेनॉइड पद्धतीचे बसवले. तेव्हा २००९ ते २०११ ची गाडी असेल तर इंजेक्टर बदलले का, कधी, चारही का, हे विचारावंच. याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिथे हात पोचवायचा म्हणजे बराच पसारा काढावा लागतो. ई-३५० सीडीआयच्या व्ही-६ डिझेलची गंमत आणखी वेगळी. त्याचा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधल्या खाचेत, सगळ्यात जास्त उष्णतेत बसवला आहे. वर्षानुवर्षं भाजून त्याची रबरी सील कडक होतात आणि ऑइल पाझरून मागच्या बाजूनं खाली उतरतं. सील स्वस्त असतात. त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी टर्बो, इनटेक मॅनिफोल्ड सगळं उतरवावं लागतं, त्या मजुरीचे पैसे. ‘थोडा ऑइल लीक आहे, सील टाकलं की झालं’ असं विक्रेता म्हणतो, तेव्हा तो अर्धसत्य बोलत असतो.

सात गिअरचा ऑटोमॅटिक, म्हणजे ७जी-ट्रॉनिक, मुळात दणकट आहे. त्याचा नाजूक भाग म्हणजे आत ऑइलमध्येच बुडवून बसवलेला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा संच. त्यातले स्पीड सेन्सर गेले की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि घाटात मागे रांग लावते. नवा संच टाकला तरी तो त्या गाडीशी कोडिंग करून जोडावा लागतो, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला स्वस्तातला संच नुसता बसवून चालत नाही. तपासायचं कसं? ट्रायल घेताना गाडी हळू, अगदी बाजारात चालवतो तशी चालवावी. वेगात सगळेच गिअरबॉक्स गोड वागतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, सिग्नलपाशी थांबता थांबता गिअर उतरताना झटका बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर विचार करून धक्का देतो का, हे बघावं. ‘या गाडीला गिअर ऑइल लाइफटाइम असतं’ असं कुणी सांगितलं तर कुणाचं लाइफ, एवढंच विचारावं.

गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन पूर्ण स्कॅनिंग करणं हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे. साधा दीड-दोन हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर पुरत नाही. त्या गाडीच्या सगळ्या कंट्रोल युनिटांशी बोलणारं यंत्र हवं. ते दोन कामं करतं. एक, दडलेले फॉल्ट दाखवतं. सगळीकडे शून्य फॉल्ट दिसले तर खूश होण्याआधी थांबावं, कारण आदल्या दिवशीच मेमरी पुसलेली असू शकते. वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करावा. दोन, मीटर. डॅशबोर्डवरचा आकडा मागे घेणं आता पोरखेळ झाला आहे, पण आधुनिक जर्मन गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाहून अधिक युनिटांत राहते, आणि कित्येक फॉल्टच्या सोबत तो किती किलोमीटरला आला हेही लिहिलेलं असतं. मीटरवर ६८ हजार आणि जुन्या फॉल्टसोबत १,१२,०००, असं दिसलं की चहा पिऊन निघावं.

यंत्र नसेल तर सीट बघावी. ड्रायव्हरनं चालवलेल्या गाडीत मागची डावी सीट, म्हणजे साहेबांची जागा, आणि तिच्या दाराचं हँडल जास्त झिजलेलं असतं. तसं दिसलं तर मला बरं वाटतं. अशी गाडी बहुधा कंपनीची असते आणि तिची देखभाल कुणाच्या खिशातून होत नसते.

दोन्ही किल्ल्या मागाव्यात. आणि दोन्हींनी गाडी सुरू करून बघावी, पाच-सहा वेळा. या पिढीत स्टिअरिंग लॉकची इलेक्ट्रॉनिक मोटर मरते, आणि ती मेली की किल्ली घातली तरी काही होत नाही. गाडी टोइंगच्या ट्रकवर चढते.

बाकी ब्रँडबद्दल थोडक्यात. २००७ ते २०११ च्या सुमाराच्या बीएमडब्ल्यूतलं दोन लिटरचं एन-४७ डिझेल टायमिंग चेनसाठी बदनाम आहे, आणि तिथेही चेन मागच्याच बाजूला. त्या काळातल्या ऑडीच्या दोन लिटर टीएफएसआय पेट्रोलला ऑइल पिण्याची खोड आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ए-४ आणि ए-६ मधला मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स मी स्वतः घेणार नाही. एअर सस्पेन्शनची एस-क्लास बघत असाल तर गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी तिची चारही टोकं बघावीत. एखादा कोपरा बसलेला असेल तर हवेची पिशवी फुटलेली आहे, आणि ती सतत भरत राहिल्यामुळे कॉम्प्रेसरचंही आयुष्य संपत आलेलं असणार.

आता पाणी. महाराष्ट्रात हा विषय दोन ओळींत संपत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर बुडालेल्या गाड्यांचा बाजार काय असतो ते आपण शिकलो. इन्शुरन्स कंपनी टोटल लॉस काढते, गाडी लिलावात जाते, कुणीतरी ती वाळवतो, पॉलिश करतो आणि दुसऱ्या शहरात विकतो. डिसेंबर २०१५ च्या पुरानंतर चेन्नईतही हेच झालं. साध्या गाडीचं इंजिन धुऊन-पुसून चालेल. मोठ्या गाडीत कंट्रोल युनिट सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या तळात असतात, कित्येक मॉडेलची बॅटरीसुद्धा डिकीत असते. ती युनिट एका वर्षानं, दोन वर्षांनी, एकेक करून हिरवी पडतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, चिखलाची रेघ बहुधा तिथे राहते. सीटच्या रुळांवरचा गंज बघावा, कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लावावा, स्टेपनीची खाच बघावी. उग्र सुगंधाचं अत्तर फवारलेलं असेल तर ते का, हे नाकाला विचारावं.

पण पूर न येताही गाडी बुडते. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली उतरवणाऱ्या बारीक नळ्या असतात, तशाच वायपरखालच्या खाचेतूनही. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पानांनी आणि धुळीनं तुंबतात. मग पावसाचं पाणी आत, थेट फ्यूजबॉक्सकडे किंवा पायाखाली जातं. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात ग्लासभर पाणी ओतावं आणि ते चाकाजवळ जमिनीवर येतं का ते बघावं. विक्रेता नाराज होईल. होऊ द्यावा.

टायरवरची चार आकडी तारीख (२३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा), रंगाची जाडी मोजणारं यंत्र, रॅम्पवर चढवून खालच्या ऑइल संपवरचे स्पीडब्रेकरचे ओरखडे, एसी अर्धा तास चालवून बघणं, हे सगळं कुठल्याही गाडीला करतो तसंच. फक्त एसीकडे जास्त लक्ष द्यावं, कारण इव्हॅपोरेटर गळत असेल तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

कागदांत तीन गोष्टी महत्त्वाच्या. चालू इन्शुरन्स पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ किती टक्के आहे ते वाचावं. पन्नास टक्के म्हणजे निदान पाच वर्षं क्लेम नाही. शून्य असेल तर गेल्या वर्षी काहीतरी झालं, किंवा मालक नुकताच बदलला, कारण तो बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत जात नाही. दुसरं, बँकेचा बोजा. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा फॉर्म ३५ देऊन उतरवलेला नसतो, आणि मग ट्रान्सफर अडकते. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर विक्रीसाठी सही कोण करणार, त्याचं अधिकारपत्र आधी बघावं.

तिसरं, पासिंग. ‘डीएल’ नंबरची गाडी दोन लाखांनी स्वस्त दिसते, त्यामागे कारण आहे. २०१५ मध्ये हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २०२५ मध्ये न्यायालयानं कारवाईला आवर घातला, पण तोवर तिकडच्या गाड्यांचे भाव पडले ते पडलेच. तशी गाडी आणली तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो; तो गाडीची मूळ किंमत धरून, वय वजा करून काढतात. नव्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात वीस लाखांच्या वर १५ टक्के कर आहे, कंपनीच्या नावावर २०. तेव्हा ते दोन लाख कुठे जातात हे कळेल. इथलीच गाडी असेल तरी पंधरा वर्षांला किती उरली ते मोजावं: नूतनीकरणाची फी कारला ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, तपासणी, आणि मिळणार पाच वर्षं.

एवढं करून गाडी पसंत पडली तर वर्कशॉपमधून कामांची यादी किमतींसह लिहून घ्यावी आणि ती समोर ठेवूनच भाव करावा. खरेदीच्या रकमेच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला राहत असतील तरच हो म्हणावं. नऊ लाखांची गाडी घ्यायची असेल तर हातात सव्वाअकरा हवेत. आणि विक्रेता गाडी तुमच्या मेकॅनिककडे न्यायला तयार नसेल, ‘आमच्याच गॅरेजमध्ये दाखवा’ म्हणत असेल, तर पुढचं काहीच तपासायची गरज उरत नाही.