दाताचे दुखणे आणि नेमका शब्द

आदिलाबाद हा अनेक भाषांच्या संगमावरचा जिल्हा आहे. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, अलीकडे तेलंगण. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी गोंडी, तर कचेरीत तेलुगू. १९५६ साली हैदराबाद राज्य विभागले गेले, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला व आदिलाबाद आंध्र प्रदेशात. सीमा सरकल्या, तरी घरची बोली बदलली नाही. आणि दुखणे आले की माणसाच्या तोंडी तीच येते.

दंतवैद्यापुढे बसल्यावर याची विशेष प्रचीती येते. दाताच्या व्यथेला मराठीत किती शब्द आहेत! चिंचेने दात आंबतात, थंड पाण्याने सणक जाते, घास चावताना कळ येते, रात्री दाढ ठणकते. यांतील प्रत्येक शब्द वैद्याला निराळी वाट दाखवितो. क्षणभराची सणक बहुधा दाताचे कवच झिजल्याची किंवा कीड लागल्याची खूण असते. तासन् तास टिकणारा ठणका कीड आतल्या नसेपर्यंत पोचल्याचे सुचवितो. चावतानाच्या कळेने दाताला तडा गेल्याची अथवा मुळाशी पू झाल्याची शंका येते. तेलुगूतही असे निरनिराळे शब्द आहेतच. परंतु दुभाषी म्हणून सोबत आलेला शेजारी घाईत ‘नोप्पी’, म्हणजे दुखते, एवढेच सांगून मोकळा होतो, आणि निदानाचा मोठा आधार तेथेच हरपतो.

यास्तव घरूनच तयारी करून जावे. कोणता दात, केव्हापासून, थंडाने की गरमाने, किती वेळ, झोपमोड होते काय, हे दुभाष्याला आधी नीट समजावून द्यावे. मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण, पूर्वी एखादे औषध न मानवणे, रक्त पातळ करणारी गोळी, यांतले काहीही लपवू नये. आणि ती गोळी आपल्या मनाने बंदही करू नये. तंबाखू वा खर्रा खात असल्यास संकोच न धरता सांगावे. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. त्यांना दुभाष्या लागत नाही.

वैद्याकडूनही अपेक्षा आहेच. ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही रीत ॲडलस्टन या दंतवैद्याने १९५९ साली मुलांसाठी मांडली. ती थोरांनाही तितकीच उपयोगी आहे. सुईने वेदना थांबते, पण दाब जाणवतो, हे आधी कळले तर भीती निम्मी होते. दुखल्यास डावा हात वर करण्याची खूण ठरवून घ्यावी. तिला कोणतीच भाषा लागत नाही.

निघताना ऐकलेली सूचना आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावी. दात काढल्यावर पहिले चोवीस तास जोराने चूळ भरू नये व थुंकू नये, कारण जखमेत साकळलेले रक्त निघून गेले तर हाड उघडे पडून असह्य वेदना होतात. ‘चूळ भरू नका’ यातला ‘नका’ भाषांतरात गळाला, तर उपचारच अपाय ठरतो. परत म्हणून दाखविण्यास एक मिनिटही लागत नाही.