ओठ आणि शब्द यांच्यातले अंतर

हेडफोनच्या आवाजाचा दर्जा हा विषय निघाला की चर्चा संगीताकडे वळते. तबल्याचा बायाँ कसा घुमतो, तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात का, हे निकष गाणे ऐकणाऱ्यासाठी योग्यच आहेत. पण घरोघरी, विशेषतः वयस्कर माणसांसाठी, बिनतारी हेडफोन घेतले जातात ते दूरचित्रवाणी पाहण्यासाठी. तिथे कसोटी वेगळी लागते. ध्वनिशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे कळले ते वाचून आणि घरच्या घरी मोजून पाहून. त्यातून मी ज्या मताला आले ते असे : दूरचित्रवाणीपुरता आवाजाचा दर्जा म्हणजे शब्द स्पष्ट कळणे आणि तो वेळेवर कानी येणे.

आधी मुळात शब्द हरवतो कुठे, ते पाहू. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्या काळातले संच म्हणजे लाकडी पेट्या. त्यांचा ध्वनिक्षेपक प्रेक्षकाकडे तोंड करून असे. पुढे पडदा भिंतीवरच्या चित्रासारखा पातळ झाला आणि ध्वनिक्षेपकाला जागाच उरली नाही. तो खालच्या कडेला किंवा पाठीमागे गेला. आता आवाज आधी भिंतीवर वा टेबलावर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. त्यात आपल्या खोल्या फरशीच्या, भिंती उघड्या, डोक्यावर पंखा आणि आत कुकरची शिट्टी. आवाज वाढवला की त्याचे पडसादही तेवढेच वाढतात, म्हणून गोंगाट वाढतो पण शब्द उलगडत नाही. हेडफोनचा खरा फायदा इथे आहे. तो खोलीच मधून काढून टाकतो. साधा, स्वस्त हेडफोनही हे काम करतो.

आता शब्दाच्या आत डोकावू. स्वरांच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा साधारण १००० हर्ट्झच्या खाली असतो. स्वर आवाजाला भरीवपणा देतात, पण शब्दाचा अर्थ बहुतांशी व्यंजनांवर तोललेला असतो आणि व्यंजने क्षीण असतात. ‘स’ची सळसळ मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर. जुना दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेई, म्हणून नाव सांगताना ‘सोलापूरचा स’ असे फोड करून सांगावे लागे. मराठीत तर आणखी बारकावे आहेत. ‘ताट’ आणि ‘थाट’ यांत फरक फक्त एका फुंकरीचा. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहायला सारखेच, फरक उच्चारातल्या घर्षणाचा. आणि वय वाढते तशी श्रवणशक्ती सहसा याच वरच्या पट्ट्यात आधी उणावते. “आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही” ही तक्रार म्हणूनच अगदी शब्दशः खरी असते.

बिनतारी आवाजाचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला अवरक्त किरणांचा, म्हणजे रिमोट चालतो तोच. आवाज चांगला, पण मधून कोणी चहाचा ट्रे घेऊन गेले की खंड पडतो आणि खिडकीतले ऊन त्यात खरखर मिसळते. दुसरा साध्या रेडिओलहरींचा, आकाशवाणीच्या एफएमसारखा. तो भिंत ओलांडतो, स्वयंपाकघरातही ऐकू येतो; मात्र मागे हलकी सूं-सूं राहते. तिसरा ब्लूटूथचा. त्यात सूं-सूं नाही, तार नाही, शिवाय तोच हेडफोन फोनलाही चालतो. दुकानात अर्थातच तिसऱ्याचे कौतुक जास्त होते.

ब्लूटूथवर आक्षेप घेणारे म्हणतात की त्यात आवाज दाबून पाठवला जातो. ते खरे आहे. सीडीवर दर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथच्या सक्तीच्या मूळ संकेतनपद्धतीत, एसबीसीत, उत्तम दर्जासाठी ती सुमारे ३२८ किलोबिटांवर आणतात. पण संवाद ऐकण्यासाठी एवढे पुरून उरते. अडचण आहे ती वेळेची. आवाजाचे तुकडे करायचे, दाबायचे, पाठवायचे, पुन्हा उलगडायचे. त्यातच वायफाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असल्यामुळे काही तुकडे वाटेत हरवतात आणि पुन्हा मागवावे लागतात. तोवर आवाज तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा हाताशी ठेवतो. तो साठा म्हणजेच उशीर. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये हा उशीर १५० ते २५० मिलिसेकंद सहज होतो.

सेकंदाचा पाचवा हिस्सा, त्याने काय बिघडते? निसर्गातही आवाज प्रकाशामागून येतो. नाट्यगृहात रंगमंचापासून वीस मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला शब्द सुमारे ६० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याला ते जाणवतही नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला फरक कळू लागतो आणि १८५च्या पुढे तो खपवून घेण्याजोगा राहत नाही. ब्लूटूथ नेमका या सीमेवर रेंगाळतो.

आमच्या शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या काकांना मुलाने असेच महागडे हेडफोन आणून दिले. त्यावर नाट्यगीते ऐकून ते खूश होते. मालिका मात्र नको म्हणत. मला म्हणाले, “आवाज झकास आहे गं, पण माणसं खोटं बोलल्यासारखी वाटतात.”

काकांच्या या वाक्यात मोठे शास्त्र दडले आहे. आपण सगळेच थोडेफार ओठ वाचतो. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द किती तरी अधिक कळतात, हे सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ साली प्रयोगाने दाखवले. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी त्यापुढची गंमत दाखवली : कानाला ‘बा’ आणि डोळ्याला ‘गा’ दिला, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येतो. ज्याचे कान उणावले आहेत तो ओठांवर अधिक विसंबतो. म्हणजे उशिराचा फटका सर्वांत जास्त त्यालाच बसतो, ज्याच्यासाठी हेडफोन घेतला. भाषांतरित दाक्षिणात्य चित्रपट पाहताना मात्र कोणाची तक्रार नसते, कारण तिथे ओठ आणि शब्द यांची फारकत आधीच झालेली असते!

यावर उपाय आहेत. संचाला जोडायच्या स्वतंत्र प्रक्षेपकासह येणारे, साध्या रेडिओलहरींवरचे हेडफोन यात उशीर जवळपास नाही. थोडी सूं-सूं सोसावी लागते, एवढेच. ब्लूटूथच हवा असेल तर कमी उशिराची पद्धत प्रक्षेपक आणि हेडफोन या दोन्हींत असावी लागते. एकात असून उपयोग नाही. ‘एलई ऑडिओ’ या नव्या पिढीत उशीर बराच घटला आहे, पण तिथेही अट तीच. घरी तपासणे सोपे आहे. टाळी वाजवणारे दृश्य लावावे, हेडफोन मोबाइलच्या माइकजवळ धरून पडद्याचे चित्रण करावे आणि संगणकावर हात जुळल्यापासून आवाज येईपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. सेकंदाला ३० चौकटी असतील तर सहा चौकटी म्हणजे २०० मिलिसेकंद.

आणखी एक गोष्ट. अनेक संचांत ब्लूटूथ जोडला की खोलीतला आवाज बंद होतो. मग आजोबा ऐकतात तेव्हा घर मुके, आणि घर ऐकते तेव्हा आजोबा. संचाच्या ऑप्टिकल खाचेला प्रक्षेपक जोडला तर बहुधा दोन्ही आवाज चालू ठेवता येतात. त्यासाठी मेनूत ध्वनीची निवड ‘पीसीएम’ अशी करावी. इथे उशीर नसणे अधिकच महत्त्वाचे, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते. हेडफोनचा आवाज मात्र बेताचाच ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. आणि बेताच्या आवाजात शब्द कळेनासे झाले तर नवा हेडफोन घेण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी.

दुकानातल्या खोक्यावर पट्टा, बास, बॅटरी सगळे छापलेले असते. उशीर किती, हा आकडा बहुधा नसतो. तो विचारून घ्यावा. मालिकेतल्या विनोदावर घरातली सगळी माणसे एकाच क्षणी हसणार की एकजण मागाहून, हे त्या आकड्यावर ठरते.