हीटर खडखडतो, पण खोली का तापत नाही?

न्यूयॉर्ककडे नोकरीला गेलेली आपली मुलं आणि थंडीत त्यांच्याकडे राहायला गेलेले अम्मी-अब्बा यांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर फुसफुसतो, ठोके मारतो, पण खोली गारच.

तळघरातल्या बॉयलरमध्ये पाणी उकळून त्याची वाफ नळाने वर येते. बऱ्याच जुन्या इमारतींत नळ एकच असतो. त्यातूनच वाफ येते आणि तिचं झालेलं पाणीही त्यातूनच परत उतरतं. वाफ आत यायची तर आतली हवा बाहेर जायला हवी. ती जाते दुसऱ्या टोकाच्या छोट्या एअर व्हेंटमधून. रंग देताना कुणी त्याचं भोक बुजवलं की झालं! नळाकडची बाजू गरम, पलीकडची थंड. असं दिसलं तर व्हेंट बदलायला सांगा. तो महाग नसतो, मात्र वाफ चालू असताना हात लावू नका.

उकडतं म्हणून खालचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवणं ही आणखी एक चूक. पाणी आत अडकतं आणि ठोके सुरू होतात. एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद करा. रेडिएटरचा उतार नळाकडे हवा. नसेल तर पलीकडच्या पायांखाली लाकडाची चकती सरकवली तरी काम भागतं.

सगळी इमारतच गार असेल तर दोष बॉयलरचा. ते काम मालकाचं.

मग लोक इलेक्ट्रिक हीटर लावतात. ९ जानेवारी २०२२ रोजी ब्रॉन्क्सच्या एका १९ मजली इमारतीत अशाच हीटरमुळे आग लागली. धुराने १७ जण गेले, त्यात ८ मुलं. अनेक जण गांबियाहून आलेल्या मुस्लिम कुटुंबांतले होते. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून ऊब घेणं तर त्याहून वाईट, त्यातला विषारी वायू वासानेही कळत नाही.

न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे मालकाने हीट द्यायलाच हवी. दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात किमान ६८, रात्री दहा ते सकाळी सहा किमान ६२. खोलीत थर्मामीटर ठेवा, आकडे तारीख-वेळेसह लिहून ठेवा, मालकाला कळवा. ऐकलं नाही तर ३११ वर फोन करा.