कोड दहा जणांचा, शिस्त एक

बंगळुरूला आयटीत लागलेली मुले घरी फोनवर कामाचे फारसे सांगत नाहीत. पण पहिल्या नोकरीत एक तक्रार बऱ्याच घरांत ऐकू येते, "आई, दोन दिवस बसून कोड लिहिला आणि सीनियरने त्यावर वीस शेरे मारले. इथे जागा जास्त सोडलीस, तिथे नाव वेगळ्या पद्धतीने दिलेस. प्रोग्राम नीट चालतो का, ते कुणी पाहिलेच नाही!"

यात चूक ना तिची, ना सीनियरची. टीममध्ये कुणी सांगलीचा, कुणी चेन्नईची, कुणी लखनौचा. प्रत्येकाची लिहिण्याची सवय वेगळी. असा कोड वाचताना लक्ष मांडणीतच अडकते आणि खरी चूक निसटते. ही कटकट लिंटरवर सोपवता येते.

लिंटर म्हणजे काय?

कपड्यांना चिकटणाऱ्या बारीक धाग्यांना इंग्रजीत 'लिंट' म्हणतात. १९७८ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतल्या कोडमधील बारीकसारीक चुका टिपणारे साधन तयार केले आणि त्याला हेच नाव दिले. आज जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट, पायथनसाठी पायलिंट आणि रफ असे लिंटर आहेत. बंगळुरूत सुरू झालेली डीपसोर्स ही कंपनी तर कोड आपोआप तपासण्याचीच सेवा देते.

लिंटर प्रोग्राम चालवून पाहत नाही, तो फक्त वाचतो. छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखा. न वापरलेले नाव, कधीच न चालणारी ओळ, टीमच्या नियमात न बसणारी मांडणी, असे काही दिसले की लगेच खूण करतो.

एका जादा ओळीची किंमत

फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. वेबसाइट खरी आहे का, हे तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली ओळ अटीखाली होती, दुसरी विनाअट. त्यामुळे पुढची महत्त्वाची तपासणी होतच नव्हती. दुसरी ओळही आत सरकवून लिहिलेली असल्याने ती अटीचाच भाग वाटत होती. माणसाचा डोळा असा फसतो. 'यापुढचा कोड कधीच चालणार नाही' हे यंत्र मात्र पकडू शकते.

मराठीसाठीही पहारा

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने आपल्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी तपासणीचे स्वतःचे नियम लिहिले आहेत. त्यांतला एक भाषांतराचा आहे. 'नमस्कार, अमुक' असा संदेश दाखवायचा, तर आधी वाक्याचे भाषांतर आणि मग त्यात नाव भरायचे. क्रम उलटला तर नावासकट वाक्य भाषांतराच्या यादीत सापडत नाही आणि मराठी पडद्यावर इंग्रजीच उरते. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही चूक दिसणारही नाही. नियम ती दाखवतो.

टीममध्ये सुरुवात करताना

• आधी तयार नियमसंच घ्या. नवे नियम सर्वांशी बोलून ठरवा.
• नियमांची फाइल कोडसोबतच ठेवा, म्हणजे सर्वांना एकच नियम लागू होतील.
• जुन्या कोडवर सगळे नियम एकदम लावू नका. हजारो सूचना आल्या की कुणीच वाचत नाही. नव्या कोडपासून सुरू करा.
• मांडणीच्या चुका आपोआप दुरुस्त होऊ द्या.
• नियमाला अपवाद केला, तर कारण तिथेच लिहा.

लिंटरला अर्थ मात्र कळत नाही. ग्राहकाला १२ टक्क्यांऐवजी १० टक्के सूट देणारा कोड मांडणीत निर्दोष असू शकतो. ती चूक माणसानेच शोधायची. जागा आणि स्वल्पविराम यंत्र बघू लागले की सीनियरला त्यासाठी वेळ मिळतो. आणि मुलगी पुढच्या फोनवर सांगते, "आज एकच शेरा आला. पण त्यातून खरंच शिकायला मिळालं."